हिरवी रेघ

आबांनी रीळ आणलं ते युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून. कुपवाड एमआयडीसीत खाली वेल्डिंगचं वर्कशॉप आणि वरच्या मजल्यावर माझं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान. धापा टाकत जिना चढले, गंजलेला पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला, झाकण उचकटलं आणि म्हणाले, "तायडे, आधी वास घे."

वास घेतला. तेलकट होता, धुळीचा होता, पण आंबट नव्हता. आम्हा दोघांनाही हायसं वाटलं. ॲसिटेटची फिल्म उष्ण, दमट हवेत कुजायला लागली की तिच्यातून व्हिनेगरसारखा वास सुटतो. एकदा ही कूज सुरू झाली की थांबत नाही, थंड आणि कोरड्या जागी ठेवून तिला फक्त लांबवता येतं. पत्र्याच्या शेडखाली इतके उन्हाळे काढूनही हे रीळ शाबूत होतं. मी पांढरे हातमोजे चढवले आणि सुरुवातीचा हातभर पट्टा ट्यूबलाइटसमोर धरला. नखाएवढ्या फ्रेममध्ये लक्ष्मीकांत बेर्डे, आणि त्यांच्यासमोर तो बाहुला.

'झपाटलेला' १९९३ चा. महेश कोठारे यांचं दिग्दर्शन. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू पोलिसांच्या गोळीला बळी पडतो आणि मरता मरता मंत्राच्या जोरावर एका बाहुल्यात शिरतो, ही गोष्ट मराठी घरांत कुणाला सांगावी लागत नाही. मूळ कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन भयपटावरून घेतलेली, पण मधू कांबीकरांची आई, राघवेंद्र कडकोळांचा बाबा चमत्कार, बिपिन वर्टींचा कुबड्या खविस हे सगळं अस्सल इथलं. आणि बाहुला रामदास पाध्यांचा, ज्यांच्या घरात वडिलांपासून अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याची परंपरा.

आबा तीस वर्षं तंबू थिएटरात ऑपरेटर होते. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, खरसुंडीचा सिद्धनाथ, जतची यल्लम्मा, असा त्यांचा वर्षाचा फेरा. ट्रकवर मशीन, मागे कनातीचे गठ्ठे. पुढे डिजिटल प्रोजेक्टर आले, मालकानं तंबू मोडला आणि शेवटच्या हिशेबात आबांच्या वाट्याला थोडे पैसे आणि एक पत्र्याची पेटी आली. त्या पेटीत हे एकच रीळ. सिनेमातलं कितवं, तेही त्यांना आठवत नव्हतं. या भागातल्या बहुतेक प्रिंट अशाच संपल्या. ब्लॅक अँड व्हाइटच्या तर चांदीसाठी वितळवल्या गेल्या, कारण त्यांच्या चित्रातच चांदी असते. रंगीत प्रिंटच्या चित्रातली चांदी धुण्यातच निघून जाते, ती उरते फक्त कडेच्या आवाजाच्या पट्टीत. त्यामुळं रंगीत प्रिंट भंगारवाल्यालाही फारशा नको असायच्या. हे रीळ वाचलं त्याला बहुधा तेच कारण.

मुंबईतल्या एका लॅबसाठी मी काही वर्षं तपासणीचं काम करते. जुने सिनेमे टीव्हीसाठी आणि घरच्या पडद्यासाठी एचडीत तयार होतात, तेव्हा शेवटची प्रत माझ्याकडे येते. मी ती फ्रेमगणिक पाहायची आणि कुठं डाग राहिला, कुठं रंग उडाला, कुठं आवाज सरकला याची वेळेनिशी यादी करून पाठवायची. त्यांना एक नवं सॉफ्टवेअर खऱ्या, वापरून झिजलेल्या प्रिंटवर चालवून पाहायचं होतं. मी आबांच्या रिळाचं नाव सुचवलं. अट साधी होती. चाचणी आपल्यापुरती, कुठं दाखवायची नाही, विकायची नाही, सिनेमाचे हक्क ज्यांचे त्यांचे. आबांनी एकच विचारलं, "रीळ परत येईल न्हवं?" आलं. सोबत एक हार्ड डिस्क आली. पस्तीस एमएमच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. हजार फुटांचं रीळ तुटत-जोडत साडेनऊशेच्या आसपास उरलं होतं, म्हणजे पंधरा हजारांवर फ्रेम, पडद्यावर जेमतेम साडेदहा मिनिटं. नुसतं कच्चं स्कॅनच दोनशे जीबीच्या घरात गेलं. त्याच्या शेजारी दुसरी फाइल, सॉफ्टवेअरनं साफ केलेली.

पहिल्या रात्री मी साफ केलेलीच लावली. खालचं वेल्डिंग थांबल्यावरच मला काम करता येतं. खिडकीला काळं कापड, भिंत करड्या रंगाची, मॉनिटर अर्धा तास आधी चालू करून तापवलेला.

आणि मी हरखून गेले. हा सिनेमा मी आयुष्यभर वाईटच पाहिला होता. वडिलांची सांगलीत मारुती चौकाजवळ कॅसेट लायब्ररी होती. 'झपाटलेला'ची कॅसेट इतकी फिरली की तिच्यावर नेमक्या रंगतदार जागी आडव्या रेघा यायच्या, कारण लोक तेच तुकडे मागे घेऊन घेऊन पाहायचे. टेप कुठं झिजलीय त्यावरून गिऱ्हाईक कुठं हसलंय ते वडील सांगायचे. २००५ च्या महापुरात ती लायब्ररी गेली. कॅसेटच्या खिडक्यांमधून गाळ ओघळत होता. कुपवाड उंचावर, इथं कृष्णेचं पाणी येत नाही, म्हणून आम्ही इकडं आलो. मग व्हीसीडी. तिच्या एका फ्रेममध्ये एक लाखाच्या आसपास ठिपके असतात, फुल एचडीत वीस लाखांवर. शिवाय आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम पळतात, म्हणजे सिनेमा चार टक्के घाईत आणि आवाज किंचित चिरका. मी लहानपणापासून ओळखत होते तो बेर्डेंचा लक्ष्या घाईतला लक्ष्या होता. आता पहिल्यांदा तो आपल्या चालीनं चालत होता.

दुसऱ्या दिवशी आबांना बोलावून दाखवलं. डाग नाहीत, रेघा नाहीत, पडदा हलत नाही. ते खुर्चीच्या कडेवर बसून पाहत होते. "धुऊन इस्त्री केल्यागत झालंय," म्हणाले. मग एका जागी त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"इथं काय तरी ऱ्हायलं."

"काय?"

"ते न्हाई सांगता येत. इथं बायकांच्या बाजूला किंचाळी उठायची आणि मागोमाग हसू. आत्ता मला हसू आलं न्हाई."

तंबूत मधोमध दोरी असायची, एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष. आबा मशीनच्या भोकातून पडदा पाहायचे आणि कानानं तंबू ऐकायचे. लहान पोरं आईच्या पदरात तोंड घालायची आणि हसू फुटलं की बाहेर काढायची. पुढचा संवाद कधी ऐकूच यायचा नाही, म्हणाले. अशी तपासणीची रीत मला कुठल्या पुस्तकात मिळाली नसती. मी वेळ टिपून ठेवली.

भय आणि हसू एकाच श्वासात देणारा सिनेमा तपासणं बाकीच्या सिनेमांपेक्षा अवघड असतं, हे मला त्या आठवड्यात उमगलं. कौटुंबिक सिनेमात चार फ्रेम इकडंतिकडं झाल्या तर कुणाच्या लक्षात येत नाही. इथं किंचाळी आणि हसू यांच्यामध्ये जेवढी जागा दिग्दर्शकानं आणि संकलकानं ठेवलीय, तिच्यावरच सगळा खेळ आहे. आबांनी दाखवलेल्या जागी मी दोन्ही फायली शेजारी लावून एकेक फ्रेम पुढं सरकवली. कच्च्या स्कॅनमध्ये तिथं एक जोड होता. प्रिंट कधीतरी तुटलेली, आबांनीच कापून चिकटवलेली. जोडाच्या दोन्ही बाजूंच्या मिळून पाच फ्रेम चिरफाळलेल्या होत्या. साफ करताना त्या काढून टाकून टोकं जुळवली होती. पडद्यावर हा सेकंदाच्या पाचव्या भागाएवढाच फरक. पण त्याआधी आबांनी कापलेल्या फ्रेम वेगळ्याच. बाहुल्याकडून लक्ष्याच्या चेहऱ्याकडं येताना मध्ये जो एक दचकलेला थांबा असतो, तो दोनदा खाल्ला गेला होता.

आवाजाचं आणखी निराळं. पस्तीस एमएमच्या फिल्मवर आवाज चित्राच्या शेजारीच छापलेला नसतो, तो एकवीस फ्रेम पुढं असतो, कारण मशीनमध्ये चित्राचा दरवाजा वर आणि आवाजाचा डोळा खाली. म्हणून जोडाला चित्र आधी उडी मारतं आणि आवाज पाऊण सेकंदापेक्षा जरा जास्त वेळानं 'फट्' करतो. ऑपरेटर मंडळी जोडावरच्या आवाजपट्टीला काळी शाई फासायची, म्हणजे तो ठोका विझायचा. आबांची शाई या रिळावर चार ठिकाणी होती. सॉफ्टवेअरनं चित्राची टोकं जुळवली, आवाज तिथल्या तिथं कापला, आणि एक हुंकार अर्धा गेला.

पण यादीत मी सगळ्यात वर लिहिलं ते हे नव्हतं. ते सापडलं तिसऱ्या रात्री, आवाज बंद करून पाहताना.

रात्रीच्या प्रसंगातली एक फ्रेम. लक्ष्याचा चेहरा जवळून, बाजूला बाहुला. साफ केलेल्या प्रतीत मी ती थांबवली आणि बराच वेळ पाहत बसले. दोघांचं कातडं एकसारखं होतं. बाहुल्याचे गाल गुळगुळीत, ते असणारच. पण बेर्डेंच्या कपाळावरचा घाम, नाकाच्या कडेची रंध्रं, गालावरची दाढीची सावली, सगळं घासून सपाट झालेलं. दोघंही मेणाचे. कच्च्या स्कॅनमधली तीच फ्रेम उघडली. डाग होते, ओरखडे होते, आणि माणूस माणूस दिसत होता.

हे का होतं ते सांगायला हवं. फिल्मवरचं चित्र बारीक दाण्यांनी बनतं. रंगीत फिल्मवर ते रंगाचे सूक्ष्म ढग असतात, दर फ्रेमला निराळे पसरलेले, म्हणून पडद्यावर ते सतत सळसळतात. सॉफ्टवेअर मागच्या-पुढच्या फ्रेम ताडून पाहतं. जे दर फ्रेमला बदलतं त्याला ते घाण समजतं आणि पुसतं. माणसाच्या त्वचेचा पोत आकारानं त्या दाण्यांएवढाच. दाणे गेले की पोतही गेला. २०१० साली 'प्रेडेटर'ची जी ब्लू-रे निघाली, तिच्यातल्या मेणचट चेहऱ्यांवर जगभरच्या रसिकांनी टीका केली ती याचसाठी. पण तिथं निदान सगळेच मेणाचे झाले होते. इथं गोष्टच निर्जीव वस्तूत जीव शिरल्याची. कोण जिवंत आणि कोण लाकूड-रबराचा, यातला फरक डोळ्यांना दिसला तरच बाहुला डोळे वळवतो तेव्हा अंगावर काटा येतो. लक्ष्याचं कातडं पुसलं तर तात्या विंचूचं भय पुसलं जातं. विनोदही तिथंच संपतो, कारण बेर्डे बाहुल्यासमोर एकटे काम करताहेत. बाहुल्याच्या चेहऱ्यावर जेवढं उमटू शकत नाही तेवढं ते स्वतःच्या चेहऱ्यावर घेताहेत, थरथरत्या ओठानं, कपाळावरच्या शिरेनं, डोळ्यांत जमलेल्या पाण्यानं. १६ डिसेंबर २००४ ला ते गेले. त्यांच्या कामाची आता फिल्मवर उरलेली खूण म्हणजे हाच पोत. तो कुणी 'स्वच्छते'च्या नावाखाली घालवत असेल तर मला ते सहन होत नाही.

मग मी दुसरीकडं शोधत गेले आणि आणखी सापडलं. लक्ष्या घाबरून हात झटकतो तिथं दोन फ्रेममध्ये बोटांची टोकंच नाहीत. वेगानं हलणारी, एकाच फ्रेमपुरती त्या जागी असलेली प्रत्येक वस्तू यंत्राला धूळ वाटते. काळोख उजळवला होता, म्हणजे घरी दिवा लावून पाहणाऱ्यालाही सगळं दिसावं. पण हे स्कॅन प्रदर्शनाच्या प्रिंटवरून. प्रिंटमध्ये उजेड-अंधाराचा फरक तीव्र असतो, काळोखात तपशील नसतोच. उजळवून हाती लागतो तो करडा धूर. मूळ निगेटिव्ह मिळाली तर गोष्ट निराळी. 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' या १९८१ च्या भय-विनोदपटाची २०१९ साली मूळ निगेटिव्हवरून ४केत प्रत केली गेली आणि तिच्यातली रात्र रात्रच राहिली. आपल्याकडं पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जमेल तेवढं सांभाळतंय, राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून जुन्या सिनेमांचं डिजिटायझेशनही होतंय. नव्वदच्या दशकातल्या मराठी गर्दीखेचक सिनेमांची पाळी मात्र अभिजात सिनेमांनंतर येते. ज्यांनी अर्ध्या महाराष्ट्राला हसवलं, त्यांच्या निगेटिव्हकडं आधी लक्ष जावं असं मला मनापासून वाटतं.

डागांचंही सगळं सरसकट नाही. पांढरा ठिपका असेल तर धूळ निगेटिव्हवर होती. प्रिंट छापताना तिनं प्रकाश अडवला, म्हणून तो प्रत्येक प्रिंटमध्ये तसाच असणार. काळा ठिपका म्हणजे धूळ या प्रिंटवरची, कुठल्या तरी जत्रेची. आणि उभी हिरवी रेघ. रंगीत प्रिंटवर रंगाचे तीन थर असतात, सर्वांत वर किरमिजी, मग निळसर, तळाशी पिवळा. मशीनमध्ये अडकलेल्या खड्यानं वरचा थर खरवडला की रेघ हिरवी दिसते, आणखी खोल गेली की पिवळी, तळापर्यंत गेली की पांढरी. आबांच्या रिळावर उजव्या कडेला अशी एक हिरवी रेघ मिनिटभर चालते. त्यांना दाखवली तेव्हा ते कसनुसे झाले. "पुसेगावची. वाऱ्यानं माती उडत होती, दरवाजा पुसायला वेळ मिळाला न्हाई. मालकानं तवा लई बोल लावला." तीस वर्षांपूर्वीचा तो बोल अजून त्यांच्या मनात होता. ही रेघ पुसावी, असं मी अहवालात लिहिलं. ती सिनेमाची नव्हती. पांढरे ठिपके पुसा, काळे पुसा, पण हातानं, एकेक पाहून. दाण्यांना हात लावू नका. लॅबच्या पत्रात आणखी एक विचारणा होती. बाहुला हलवतानाच्या तारा, हातांच्या सावल्या असं काही दिसलं तर तेही काढून टाकू का? ओरखडा आणि तार यांत फरक कसा करायचा ते मी लिहून दिलं. ओरखडा फ्रेममध्ये जागच्या जागी राहतो, तार बाहुल्याबरोबर हलते. जे बाहुल्याबरोबर हलतं ते सिनेमाचं आहे. ते पाध्यांच्या हाताचं काम आहे, ते तसंच राहू द्या.

लॅबमधल्या माणसाचा फोन आला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. घरोघरी मोबाइलवर, कमी नेटवर सिनेमा जातो तेव्हा दाणे जागा खातात, फाइल दाबली की त्यांचे चौकोनी ठोकळे होतात, आणि लोक म्हणतात प्रिंट खराब. "ताई, गिऱ्हाइकाला चकचकीत लागतं हो." मी म्हणाले, मोबाइलसाठी वेगळी प्रत करा, पण जी सांभाळून ठेवायची तिला दाणे राहू द्या. चकचकीत प्रत पुन्हा कधीही करता येते, घासलेला चेहरा परत आणता येत नाही. बरीच हुज्जत झाली. शेवटी दुसरी फेरी माझ्या यादीप्रमाणे करायचं त्यानं कबूल केलं.

ती प्रत आली तेव्हा आबांना पुन्हा बोलावलं. आईही आली होती, खालच्या वर्कशॉपमधली दोन पोरंही जिन्यात उभी राहिली. रीळ संपत आलं तसं वरच्या उजव्या कोपऱ्यात खिळ्यानं कोरलेली फुली चमकून गेली. आबांचीच खूण, दुसरं मशीन चालू करायची. ती पुसायची नाही हे मी आधीच लिहिलं होतं. फुली दिसताच आबांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला, हवेत काही तरी खाली ओढल्यासारखा झाला आणि सात सेकंद तसाच थांबला, दुसरी फुली येईपर्यंत. जिन्यातल्या पोरांना काही कळलं नाही.

पण त्या जोडाच्या जागी ते अजूनही हसले नाहीत. चिरफाळलेल्या पाच फ्रेम लॅबनं सांधून परत बसवल्या होत्या. आबांनी त्या वेळी कापून टाकलेल्या मात्र नव्हत्याच.

"टाकल्या कुठं व्हत्या," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते तंबाखूचा जुना डबा घेऊन आले. ऑपरेटर कापलेले तुकडे सहसा फेकत नाहीत. यात्रेतली पोरं ते मागायला यायची, भिंगातून पाहायला, काही त्यांनी दिले, उरलेले डब्यात. मी तो पांढऱ्या कापडावर उलटा केला. दोन फ्रेमचे, चार फ्रेमचे, एखादा वीतभर, वीस-पंचवीस सिनेमांचे असतील. ओळखू येतील ते वेगळे केले. दादा कोंडके एका बाजूला, देवदेवतांचे दुसऱ्या. कडेचे नंबर, आवाजपट्टीची नागमोड, कापलेल्या टोकाचा कोन, असं जुळवत आम्ही तीन संध्याकाळी बसलो. तीन फ्रेमचा एक तुकडा आहे, त्यात नुसता काळोख आहे आणि डाव्या कडेला बाहुल्याचे असावेत असे केस. टोकाचा कोन जोडाशी जुळतो. कडेचा नंबर अर्धा कापला गेलाय. या आठवड्यात तो स्कॅनला पाठवतेय, पोस्टानं, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून.